दिवाणखाना पडला, भाडेकरू शाबूत!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक संशयकल्लोळ चालू होता. संशयित पाच होते: नंदुरबारचे ऊन, वीज मंडळाचे व्होल्टेज, माझा लॅपटॉप, माझा भाचा आणि मी स्वतः. फिर्यादी एकच, आमचे सासरे. त्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. फिर्याद अशी, की त्यांची वही दर दोन दिवसांनी कॉम्प्युटर गिळतो.

या वहीची हकीगत आधी सांगितली पाहिजे. अप्पा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावी शिक्षक होते. तेव्हा जिल्हा धुळ्याचा. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. बदली होईल त्या गावची माती जशी चपलांना लागते तसे त्या गावचे शब्द अप्पांच्या वहीला लागत गेले. शहादा-नंदुरबारकडची अहिराणी, अक्राणीच्या डोंगरातली पावरी, नवापूरकडची मावची, गुजर मंडळींच्या घरातली गुजरी. शाळेत पोरांना प्रमाण मराठी शिकवावयाची आणि मधल्या सुटीत त्याच पोरांकडून त्यांच्या आजीचे शब्द उतरवून घ्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ. चार हजारांवर शब्द जमले. निवृत्तीनंतर, 2003 साली, त्यांनी ते गावातल्या एका टायपिंगवाल्याकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. पुस्तक काही निघाले नाही. टायपिंगवाल्याने पुढे दुकान बंद केले. मूळ वह्यांपैकी निम्म्या एका पावसाळ्यात वाळवीने संपवल्या. उरली एक सीडी.

आता ज्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी मराठी टायपिंग करून घेतले आहे त्यांना पुढची गोष्ट सांगावयास नको. त्या काळी बहुतेकांच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे वस्तुतः रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असे. कॉम्प्युटरच्या मते ते ‘ए’ किंवा ‘बी’च, आपल्याला मात्र ‘क’ दिसे. देवनागरीला स्वतःची जागा देणारे युनिकोड 1991 सालीच निघाले होते, परंतु ते गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचावयास बराच काळ गेला. परिणामी अप्पांची सीडी आजच्या कॉम्प्युटरवर उघडली, की रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे यांचा चिवडा दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारे प्रोग्रॅम आहेत, नाही असे नाही. पण रफार आणि पहिली वेलांटी आली की ते गडबडतात. शिवाय अहिराणीची आणखी एक गंमत आहे. आपल्या ‘ळ’चा तेथे सर्रास ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’. पालटलेल्या मजकुरात एखाद्या जागी ‘य’ दिसला, तर तो अप्पांनी लिहिलेला की यंत्राने घुसडलेला, हे कसे ओळखावे? त्याला उपाय एकच. जुना मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टसह, जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडावयाचा आणि शब्द न् शब्द ताडून पाहावयाचा. आम्ही मराठीची मंडळी याला पाठचिकित्सा म्हणतो आणि तिच्यावर परीक्षेत वीस गुणांचा प्रश्न विचारतो. स्वतः करण्याची वेळ प्रथमच आली होती.

हा जुना प्रोग्रॅम चाले फक्त जुन्या विंडोजवर. विंडोज एक्सपी निघाली 2001 साली आणि कंपनीने तिची देखभाल थांबवली 2014च्या एप्रिलात. तिला आजच्या इंटरनेटवर मोकळे सोडणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणे. हे सगळे मी माझ्या बहिणीच्या मुलाला सांगितले. तो पुण्यात मोठमोठ्या सर्व्हरची राखण करतो. सुटीत आला आणि माझा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाला, “मावशी, एका घरात दोन बिऱ्हाडं करून देतो. तू वर लिनक्समध्ये राहा, अप्पांची एक्सपी खाली भाडेकरू म्हणून राहील. तिला रस्त्यावर जायची बंदी.”

वाचकहो, ही बिऱ्हाडांची कल्पना नवी नाही. एकाच यंत्राला ‘तू एक नाहीस, अनेक आहेस’ असे भासवण्याची ही विद्या आयबीएमच्या लोकांनी अमेरिकेतल्या केंब्रिज गावी 1960 नंतरच्या दशकातच सिद्ध केली आणि 1972 साली व्हीएम/370 या नावाने बाजारात आणली. तेव्हाची यंत्रे खोलीएवढी. पुढे विलायतेतल्या दुसऱ्या केंब्रिजमध्ये, तिथल्या विद्यापीठात, ‘झेन’ नावाची व्यवस्था तयार झाली. तिच्यावरचा निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला. आमचा मजकूर टायपिंगवाल्याकडे पडला त्याच वर्षी! अमेझॉनने 2006 साली यंत्रे भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला तो याच झेनच्या जोरावर. भाच्याला नोकरीत हीच व्यवस्था हाताळण्याची सवय, म्हणून त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर तीच बसवली. यापेक्षा सोप्या युक्त्या आहेत हे मला नंतर कळले. पण स्वयंपाक्याला पंगतीचा अंदाज असला म्हणजे तो दोघांसाठीही डेगच चढवतो.

झेनची रचना मला वाड्यासारखी वाटते. जमीन आणि चार भिंती झेनच्या. तो स्वतः कोणाच्या नजरेस पडत नाही. त्याच्या खालोखाल कारभारी. त्याला ‘डॉम-झीरो’ म्हणतात, आणि माझा लिनक्स तो हाच. किल्ल्या याच्याकडे, पडदा, कळफलक, छपाईयंत्र सगळे याच्या ताब्यात. बाकीचे भाडेकरू. प्रत्येक भाडेकरूला वाटते, सारा वाडा आपलाच. लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नल’ असा शब्द आहे. अप्पांनी तो प्रथम ऐकला तेव्हा फौजेतलेच कोणी गृहस्थ असावेत असे समजून त्यांनी बसायला खुर्ची पुढे केली होती.

मे महिना शांततेत गेला. जूनमध्ये कॉलेज सुरू झाले आणि उपद्रवाला आरंभ झाला. एका बाजूला एक्सपीची खिडकी, दुसऱ्या बाजूला नवा मजकूर, मागे वह्यांच्या उरलेल्या पानांचे फोटो आणि ब्राउझरमध्ये एकदोन कोश, अशी माझी मांडणी असे. काम रंगात आले की एकाएकी पडदा गोठावयाचा. उंदराचा बाण जागच्या जागी. कधी नुसता ब्राउझरच नाहीसा होई. आणि वाईट दिवशी सगळा पडदा काळा. मग मी काय करी? सगळे करतात तेच. बटण दाबून धरावयाचे, यंत्र बंद करावयाचे, पुन्हा चालू करावयाचे आणि शेवटच्या तासाभराचे काम गेले म्हणून कपाळाला हात लावावयाचा. एकदा तर ‘ध’पासून ‘न’पर्यंतचे दोन दिवसांचे ताडलेले शब्द फाइल बिघडल्यामुळे गेले. अप्पा काही बोलले नाहीत. दारातून एकदा विचारले, “काय व्हयनं, सूनबाई?” आणि माझा चेहरा पाहून परत गेले. त्यांचे वय ब्याऐंशी. किती वेळा पहिल्यापासून सुरुवात करता येईल, हा हिशेब त्यांनीही केला असेल आणि मीही केला होता.

पहिला आरोप उन्हावर आला, कारण आमच्याकडे जूनमध्येही ऊन मिरचीच्या पथारीसारखे पसरलेले असते. लॅपटॉपखाली ताटली उपडी घालून वारा खेळवला. उपयोग शून्य. मग व्होल्टेज. नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिले, तरीही तेच. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढण्याचे सुचवले. तेही करून पाहिले असते, पण लॅपटॉपला मीठमोहऱ्या ओवाळताना कोणी विद्यार्थी आला असता म्हणजे पंचाईत.

खरा शोध लागला तो चिकाटीने नव्हे, विसराळूपणाने. जुलैतला एक रविवार. पडदा गोठला, आणि मी बटणाकडे हात नेणार इतक्यात दारावर पाहुणे. चहा झाला, पोहे झाले, गप्पा झाल्या. तासाभराने येऊन पाहते तो पडद्यावर नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी पहिली पाटी उभी! म्हणजे यंत्र मेलेले नव्हते; आपण होऊन सावरून दारात उभे होते. मी आत गेले. सगळ्या खिडक्या नाहीशा. सहज म्हणून एक्सपीकडे पाहण्याचे चित्र दाबले. आणि काय सांगू! एक्सपी जशीच्या तशी. मी ‘निं’ लिहून सोडले होते, त्या ‘निं’च्या पुढे टायपाची ती उभी रेघ शांतपणे लुकलुकत होती.

मी भाच्याला फोन लावला. तो पलीकडून हसला. “अगं मावशी, पडला तो कारभाऱ्याचा दिवाणखाना. भाडेकरूच्या खोलीला धक्कासुद्धा लागला नव्हता. तू बटण दाबून सगळ्या वाड्याची वीज तोडत होतीस, म्हणून तो बिचारा मरत होता.”

म्हणजे चार आठवडे अप्पांचे शब्द कॉम्प्युटर गिळत नव्हता. मीच मारत होते. हे अप्पांना त्या दिवशी सांगितले नाही. आज छापून येते आहे, तेव्हा वाचतील.

एवढे कळले तरी दिवाणखाना पडतो का, हा प्रश्न उरलाच. भाच्याने पुण्याहून फोनवर एकेक प्रयोग सांगावा आणि मी तो करून वहीत टिपावा, असे सुरू झाले. त्याने पहिला धडा दिला तो मोलाचा: पडदा गोठला तर कंट्रोल आणि आल्ट यांच्या जोडीने एफ-टू दाबावयाचे. थोडा धीर धरला तर काळी पाटी येते, साधी अक्षरे असलेली. ती आली म्हणजे समजावे, घर उभे आहे, फक्त रंगकाम पडले आहे.

दुसरा प्रयोग असा. यंत्र चालू होताना जी यादी दिसते तीत झेनसहित लिनक्स आणि नुसता लिनक्स अशा दोन ओळी असतात. नुसता लिनक्स निवडून मी तीन दिवस तेच काम केले, अर्थात एक्सपीवाचून. पडदा एकदाही पडला नाही. ऊन आणि व्होल्टेज दोघेही निर्दोष सुटले. गुन्हा झेनच्या राज्यातच घडत होता.

तेव्हा भाच्याचा संशय चित्र काढणाऱ्या चिपवर गेला. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. झेनच्या वाड्यात कारभाऱ्यालाही स्मृतीची पाने क्रमाने एकपासून दिली आहेत असे भासवलेले असते. प्रत्यक्षात ती कोठली तरी असतात. आपल्याकडे शेताचा जुना सर्व्हे नंबर एक आणि गट नंबर दुसरा असतो ना, तसे. लिनक्स बोलतो सर्व्हे नंबरांत, आणि चित्राची चिप थेट जमिनीवर जाते, तिला गट नंबर लागतो. मधल्या तलाठ्याने, म्हणजे ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमने, तो बरोबर पालटून दिला नाही तर चिप दुसऱ्याच्याच शेतात नांगर घालते. झेन आणि चित्राचे ड्रायव्हर यांचे पूर्वी पुष्कळदा बिनसले आहे, ते अशाच कारणांनी. म्हणून चिपचे खास कसब बंद ठेवून साध्या पद्धतीने चित्र काढावयाची सोय करून पाहिली. अक्षरे जाडीभरडी दिसू लागली आणि पडदा पूर्वीप्रमाणेच पडत राहिला. चिपही सुटली.

“आता रोजनिशी वाच,” भाचा म्हणाला.

लिनक्समध्ये पडदा रंगवणारा एक स्वतंत्र कामगार असतो. त्याचे नाव नुसते ‘एक्स’. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1984 साली तो जन्मला. आधीच्या व्यवस्थेचे नाव ‘डब्ल्यू’ होते, म्हणून याचे ‘एक्स’. नाव ठेवण्याचा इतका आळस मी फक्त आमच्या कॉलेजच्या इमारतींच्या बाबतीत पाहिला आहे. हा एक्स आपली रोजनिशी लिहितो. चुकीच्या ओळीला दोन ‘ई’ आणि नुसत्या इशाऱ्याला दोन ‘डब्ल्यू’ अशी खूण करतो. मी दोन संध्याकाळी ती रोजनिशी वाचली. चूक एकही नाही. आणि मग माझ्यातली पाठचिकित्सक जागी झाली: हे हस्तलिखित कोणत्या दिवसाचे? पाहते तो तारीख-वेळ पडझडीनंतरची! एक्स मरून पुन्हा उभा राहिला की नवी रोजनिशी सुरू करतो आणि आधीची ‘जुनी’ असे शेपूट लावून बाजूला ठेवतो. आणि आणखी एकदा यंत्र बंद-चालू केले, की त्या जुनीच्या जागीही दुसरी येते. इतके दिवस मी दर वेळी बटण दाबून पुरावाच पुसत होते.

पुढच्या वेळी बटणाला हात न लावता ‘जुनी’ उघडली. तीतही चूक नव्हती. पण शेवट विलक्षण होता. शेवट असा नव्हताच. एरवी तो निघून जाताना निरोपाची ओळ लिहितो. येथे मजकूर मध्येच संपला होता. आजारी माणूस कण्हतो, तक्रार करतो. याने हूं की चूं केले नव्हते.

मी हे भाच्याला सांगताच तो क्षणभर थांबला. “मग तो मेला नाही, मावशी. त्याला मारलाय. कर्नलची रोजनिशी बघ.”

कर्नलच्या रोजनिशीत कबुलीजबाब सरळ लिहिलेला होता. स्मृती संपली, सबब अमुक क्रमांकाचा ‘एक्स’ ठार केला. तारीख, वेळ, सगळे. त्याच्या वर चार दिवसांपूर्वीची एक ओळ होती. तीत ब्राउझरचा बळी नोंदला होता. लिनक्सची ही रीतच आहे. स्मृतीची जागा पुरती संपली आणि आता सगळेच गुदमरणार अशी वेळ आली, की कर्नल सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्यांपैकी एकाला उचलून संपवतो, म्हणजे बाकीचे जगतात. ज्याला संपवावयाचे त्याला दोन शब्द लिहावयाचीही सवड देत नाही.

पण स्मृती संपली कशी? लॅपटॉपला चार जीबी. मी आज्ञा देऊन मोजले तर कारभाऱ्याकडे पावणेदोनही भरेनात! झेनच्या यादीत पाहिले तेव्हा उलगडा झाला. चारखणी घर; त्यातले दोन खण भाच्याने एक्सपीला लिहून दिलेले. सर्व्हरवाल्याचा हात सढळ! वाडा उघडताना सगळे खण कारभाऱ्याचेच असतात. भाडेकरू आला की झेनची व्यवस्था कारभाऱ्याकडून तेवढी जागा काढून त्याला देते. एक्सपी तर 2001 सालची, एका ट्रंकेनिशी राहणारी. तिचे दोन खण मोकळे पडलेले, आणि इकडे कारभाऱ्याच्या उरलेल्या जागेत माझ्या वह्यांचे फोटो, ब्राउझर, नवा मजकूर आणि बिचारा एक्स असे सगळे खेटून. नुसत्या लिनक्समध्ये चारही खण मोकळे मिळत, म्हणून तेथे काही घडत नसे. कोड्याचे सगळे तुकडे बसले.

“दोन दिले होते होय मी?” भाचा म्हणाला. संशयितांपैकी चौथा असा सापडला. पाचवा आधीच कबुली देऊन बसला होता.

उपाय करण्यापूर्वी एक्सपीला रीतसर बंद करून तिच्या सबंध बिऱ्हाडाची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. ही नक्कल पहिल्याच दिवशी घ्यावयास हवी होती. मग वाटणी बदलली. एक्सपीला अर्धा जीबी. तेवढ्यातही ती ऐसपैस राहते. कारभाऱ्याला कायमचे तीन, आणि ते वाडा उघडतानाच ठरवून टाकलेले, म्हणजे मागाहून काढघाल नको. ती आपोआप काढघाल करण्याची सोयही बंद केली. उरलेला अर्धा झेनच्या भिंतींच्या जाडीला. शिवाय अडीअडचणीला डिस्कवर दोन जीबीची राखीव जागा. ती ठेवायचीच भाचा विसरला होता.

एवढे करूनही पहिल्या दिवशी काहीच बदलले नाही. झेनच्या यादीत आकडे जुनेच! सुरुवातीच्या ओळीत तीनाचा आकडा मी लिहिला होता खरा, पण त्यानंतर यादी नव्याने तयार करण्याची आज्ञा द्यावयाची असते, ती दिलीच नव्हती. एक्सपीच्या कागदावरचा बदलही मी जतन न करताच मिटला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही केले, यंत्र पुन्हा सुरू केले, यादी पाहिली. तीन आणि अर्धा. त्या संध्याकाळी मुद्दाम सगळ्या खिडक्या उघडल्या, वह्यांचे चाळीस फोटो एकदम मांडले आणि मी हात जोडून बसले. काही झाले नाही. ऑगस्ट गेला, गणपती गेले, नवरात्र गेले. पडदा पडलेला नाही.

हे सगळे ऐकून माझ्या एक सहकारी म्हणाल्या, “एवढा खटाटोप नंदुरबारात बसून कशाला? पुण्याला पाठवून द्यायचा.” मला त्यांचा थोडा राग आला. याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातली पहिली आधारपत्रे वाटली गेली. आमच्या माणसांची बोटे आणि डोळे कॉम्प्युटरात गेले त्याला इतकी वर्षे झाली. त्यांचे शब्द जावयास एवढा उशीर का लागावा? आणि पुण्याला पाठवून तेथे ‘डोया’ कोणी वाचला असता? कोणी तरी सज्जनाने तो ‘डोळा’ करून परत पाठवला असता.

आता रोज रात्री जेवणानंतर अप्पा खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसतात. मी डावीकडचा जुना शब्द वाचते, ते उजवीकडचा नवा पाहतात. ‘प’ चालू आहे. परवा ‘फ’ लागला. मी वाचले, “फळ.”

अप्पांनी चष्मा वर केला. “तिथं काय लिहिलंय ते वाचा, सूनबाई. तुम्हाला येतं ते नको.”

मी पुन्हा पाहिले. डावीकडे स्वच्छ ‘फय’ होते.